एक्केचाळिसाच्या खालचा अवयव

श्रोतेहो, आकाशवाणीवरून गणितावर बोलावयाचे म्हणजे अंधारात रांगोळी घालण्यासारखे आहे. समोर फळा नाही, हातात खडू नाही, आणि समजले नसतानाही मान डोलावणारे विद्यार्थीही नाहीत. म्हणून प्रारंभीच एक विनंती करतो. घरात एखादा पाठकोरा कागद आणि पेन्सिल असेल तर ती घेऊन बसावे. आजच्या भाषणास पाढे, गुणाकार आणि भागाकार यांपलीकडे फारसे काही लागणार नाही. मी स्वतः शालान्त परीक्षा आणि अध्यापनाची पदविका यांपुढे शिकलेलो नाही. तेव्हा मला जे उमगले ते आपणांस उमगण्यास अडचण पडू नये.

कोणतीही एक संख्या घ्या. तिला तिच्या पुढच्या संख्येने गुणा आणि गुणाकारात ४१ मिळवा. शून्यापासून आरंभ करू. शून्य गुणिले एक म्हणजे शून्य, उत्तर ४१. एक गुणिले दोन म्हणजे दोन, उत्तर ४३. बे त्रिक सहा, ४७. तीन चोक बारा, ५३. चार पंचे वीस; ६१. पाच सक तीस, ७१. पुढे ८३, ९७, ११३, १३१ असे आकडे येत जातात. यांत विशेष काय, असे आपण विचाराल. विशेष हे, की या सर्व मूळ संख्या आहेत. जिला एक आणि ती स्वतः यांवाचून दुसऱ्या कशानेही निःशेष भाग जात नाही तिला आपण मूळ संख्या म्हणतो. मूळ संख्यांची चाल मोठी लहरी असते. कधी दोन जवळजवळ येतात, कधी पुष्कळ वेळ एकही येत नाही. अशा लहरी मंडळींना एका साध्या सूत्राने ओळीत उभे करावे, हेच नवल. आणि ही ओळ थोडीथोडकी नाही. शून्यापासून एकोणचाळीसपर्यंतच्या चाळीसही संख्या या सूत्रात घाला. चाळीसही उत्तरे मूळ संख्याच येतात. शेवटचे उत्तर १६०१.

हे सूत्र १७७२ साली लेओनहार्ड ऑयलर या स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या गणितज्ञाने बर्नोली घराण्यातील एका गणितज्ञास लिहिलेल्या पत्रात प्रथम आढळते. त्याने पुढच्या संख्येऐवजी मागच्या संख्येने गुणिले होते. परंतु त्याने आकडे बदलत नाहीत, केवळ एक घर सरकतात. ऑयलर त्या वेळी रशियाची तत्कालीन राजधानी सेंट पीटर्सबर्ग येथे राहत होता. वय पासष्ट. एक डोळा तारुण्यातच निकामी झालेला, दुसऱ्याचीही दृष्टी जवळजवळ गेलेली. मोठमोठे आकडे तो मनात मांडी आणि लेखनिकाकडून लिहवून घेई. माझेही वय आज तेवढेच आहे. तुलना येथेच थांबविलेली बरी.

सूत्र चाळिसाच्या घरी येऊन फसते. चाळीस गुणिले एक्केचाळीस आणि वर ४१. म्हणजे एक्केचाळीस वेळा एक्केचाळीस, १६८१. पुढचे घर तर उघडच फसावयाचे : ४१ गुणिले ४२ आणि वर ४१, म्हणजे ४१ गुणिले ४३. त्यात ऑयलरचा दोष नाही. सदासर्वकाळ मूळ संख्याच देईल असे या जातीचे सूत्र असूच शकत नाही, हे गोल्डबाख या त्याच्या मित्राने १७५२ सालीच सांगून ठेविले होते.

मनोरंजक गणिताच्या बहुतेक पुस्तकांत ही कथा येथेच संपते. चाळीस वेळा साधले, एक्केचाळिसाव्या वेळी फसले, तात्पर्य काय तर चाळीस उदाहरणे म्हणजे सिद्धता नव्हे. मीही अनेक वर्षे हे तात्पर्य वर्गात सांगत आलो. परंतु कथेचा गाभा पुढेच आहे. तो मला प्रथम एका बारा-तेरा वर्षांच्या मुलाने दाखविला, आणि मी तो पाहिला नाही. आजचे भाषण मुख्यतः त्यासाठी आहे.

गोष्ट १९८७ सालच्या पावसाळ्यातील. मी लोअर परळमधील एका शाळेत सातवीस शिकवीत असे. आज त्या भागात काचेचे मनोरे आणि झगमगीत दुकाने उभी आहेत, आणि फिनिक्स मिलच्या आवारात माणसे सिनेमा पाहण्यास व जेवावयास जातात. तेव्हाचे परळ निराळे होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख माणसे त्यात उतरली. तो संप कधी रीतसर मिटला असे नाही. तो विरून गेला, आणि त्याबरोबर पुष्कळांची घरेही. वर्गात हजेरी घेताना मुले एकेक करून कमी झालेली दिसत. चौकशी केली की शेजारचा मुलगा सांगे, "गावाला गेले, गुरुजी."

या मुलाचे वडील साचेखात्यात होते आणि संपानंतर त्यांस कामावर परत घेतले नव्हते. आई खाणावळ चालवी. गिरणगावातील ही एक मोठीच संस्था होती. बायकामुले कोकणात किंवा घाटावर ठेवून आलेल्या कामगारांना या बाया दोन वेळ जेवू घालीत आणि महिन्याच्या महिन्याला हिशोब करीत. संप झाला, जेवणारे गेले, आणि हिशोबाच्या लांबट वह्या अर्ध्याहून अधिक कोऱ्या राहिल्या. त्याच पानांवर हा मुलगा अभ्यास करी.

मी फळ्यावर ऑयलरचे सूत्र लिहिले आणि दहापर्यंतची उत्तरे घरून करून आणण्यास सांगितले. मूळ संख्या ओळखण्याचा सराव व्हावा, एवढाच हेतू. बहुतेकांनी दहा केली, काहींनी शेजाऱ्याची उतरवून घेतली. या मुलाने आठवड्याने चार लांब पाने माझ्यापुढे ठेविली. त्याने नव्याण्णवपर्यंत शंभर उत्तरे काढली होती आणि प्रत्येकास भाग लावून पाहिला होता. शंभरांपैकी शहाऐंशी मूळ संख्या निघाल्या. जी चौदा फसली त्यांच्याभोवती त्याने लाल पेन्सिलीने चौकट काढली होती.

तो म्हणाला, "गुरुजी, फसणारे आकडे कोठे येतात ते पाहा. ४०, ४१, ४४, ४९, ५६, ६५, ७६. मधले अंतर एक, तीन, पाच, सात, नऊ, अकरा." मी पाहिले, होते खरे. पुढे तो म्हणाला, "आणि त्यांचे अवयव आपल्याच यादीतले आहेत. पहिला ४१ गुणिले ४१, मग ४१ गुणिले ४३, मग ४३ गुणिले ४७, मग ४७ गुणिले ५३. ओळीने." तेही खरे होते. यानंतर ८९ च्या घरी फसावयास हवे, आणि ते फसतेही : ८०५१ म्हणजे ८३ गुणिले ९७. "पण मधेच ८१ आणि ८२ येतात," तो म्हणाला, "ते या चालीत बसत नाहीत." त्याच्या आवाजात किंचित तक्रार होती, जणू त्या दोन आकड्यांनी त्याच्याशी ठरलेला करार मोडला होता.

मग त्याने खरी गोष्ट सांगितली. "काहीही फसले तरी एक्केचाळिसाच्या खालचा अवयव येतच नाही, गुरुजी. तीन नाही, सात नाही, तेरा नाही, सदतीस नाही. मी सगळ्यांनी भागून पाहिले. नंतर नंतर तर एक्केचाळिसापासूनच भागू लागलो. का येत नाही?"

मी काय उत्तर दिले ते सांगावयास मला आज संकोच वाटतो. परंतु सांगितल्यावाचून गत्यंतर नाही. मी म्हणालो, "सूत्र चाळिसाला फसते हे पुस्तकातच दिले आहे. फसलेल्या सूत्रामागे वेळ घालवू नकोस. तुझे अपूर्णांक कच्चे आहेत, ते आधी पाहा." त्याचे अपूर्णांक कच्चे होते, हेही खरेच.

आता त्याच्या प्रश्नाचे उत्तर. ते सातवीच्या मुलास समजण्याजोगे आहे, आणि माझ्या मनाला जे लागून राहिले आहे ते हेच. सात ही संख्या घेऊ. कोणत्याही संख्येला साताने भागले असता बाकी शून्यापासून सहापर्यंतच उरते. सात पावले पुढे गेले की बाकी पुन्हा तीच. रविवारनंतर सात दिवसांनी पुन्हा रविवार यावा तशी. सूत्रात घातलेली संख्या साताने वाढली तर उत्तराची बाकीही बदलत नाही. म्हणजे सात आपल्या यादीतील एखाद्या उत्तरास कधी भाग लावील का, हे पाहण्यास पहिली सात उत्तरे तपासली की पुरे. ती ४१, ४३, ४७, ५३, ६१, ७१, ८३. यांना साताने भागल्यास बाकी अनुक्रमे ६, १, ५, ४, ५, १, ६. हे आकडे उलटे वाचले तरी तेच राहतात, ही आणखी एक गंमत. यांत शून्य नाही. म्हणून पुढे लक्षावधी घरे गेलात तरी सात या सूत्राच्या वाटेस जाणार नाही. सातवार संपले, पुन्हा तेच वार.

आता हाच युक्तिवाद एक्केचाळिसाखालच्या बाराही मूळ संख्यांना लावा. पहिली चाळीस उत्तरे मूळ आहेत आणि त्यांतील सर्वांत लहान ४१. त्यांना लहान संख्येने भाग जाण्याचा प्रश्नच नाही. दोनासाठी पहिली दोन घरे पाहावयाची, तिनासाठी तीन, सदतिसासाठी सदतीस. ही सर्व घरे त्या चाळिसांतच येतात. तपासणी संपली. मुलाचे म्हणणे शंभर उत्तरांपुरते नव्हे, तर अनंत उत्तरांपर्यंत खरे आहे.

गोल्डबाखने सूत्राचा भंग ज्याने दाखविला तो नियमही हाच, हे ध्यानात घ्यावे. शून्याच्या घरी ४१ आले, म्हणून एक्केचाळीस घरे पुढे ४१ चा अवयव पुन्हा येणारच. बाक्यांचे जे चक्र ४१ ला परत आणते तेच चक्र ३७ ला कायमचे बाहेर ठेवते. मी केवळ मोडणारी बाजू शिकवीत होतो.

आणि उलटही पाहता येते. समजा, एक्केचाळिसाच्या खालचा अवयव येत नाही एवढेच आपणांस ठाऊक आहे. मग जे उत्तर फसेल त्याचे निदान दोन अवयव ४१ किंवा त्याहून मोठे असणार, म्हणजे ते उत्तर १६८१ च्या खाली असू शकत नाही. एकोणचाळिसाच्या घरचे उत्तर १६०१. तेव्हा पहिली चाळीसही मूळ असलीच पाहिजेत. ऑयलरचे चाळीस आणि त्या मुलाचे एक्केचाळीस ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत. त्यातही कारणाच्या अधिक जवळ जाणारे अंग मुलाचे. चाळीस मूळ संख्या ओळीने आल्या हा चमत्कार वाटतो; लहान अवयवांना या सूत्रात प्रवेशच नाही म्हटले की चमत्काराचे कारण कोठे शोधावे ते कळते.

हाच विषय त्याच १९८७ च्या जुलै महिन्यात क्यूबा देशात भरलेल्या आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये शेवटचा प्रश्न म्हणून विचारला गेला होता. त्या प्रश्नातील विधान ४१ ला लावले तर असे होते की, पहिली चार उत्तरे, म्हणजे ४१, ४३, ४७ आणि ५३, मूळ आहेत एवढे तपासले की पुढची छत्तीस आपोआप मूळ ठरतात. चार खांबांवर चाळीस मजले! हे मला पंचवीसएक वर्षांनी, निवृत्ती जवळ आल्यावर, एका वाचनालयात शब्दकोश शेजारी ठेवून वाचलेल्या पुस्तकातून कळले. परळच्या एका खाणावळीतील मुलगा आणि निरनिराळ्या देशांतून निवडून आणलेली मुले एकाच पावसाळ्यात एकाच सूत्राशी झटत होती, हे वाचून मी पुस्तक मिटून काही वेळ स्वस्थ बसलो.

परंतु मग ४१ च का? हा प्रश्न विचारला की इतिहास मोठा रंगतो. सूत्राच्या कोणत्याही उत्तराची चौपट करा. ७१ ची चौपट २८४. त्यातून १६३ वजा करा. उरले १२१, म्हणजे अकराचा वर्ग. ४३ ची चौपट १७२, त्यातून १६३ गेले, उरले नऊ, तिनाचा वर्ग. प्रत्येक उत्तर चौपट केले की ते एका विषम संख्येचा वर्ग अधिक १६३ असेच निघते. पडद्यावर ४१ नाचत असले तरी सूत्रधार १६३ आहे. ४१ ची चौपट उणे एक.

या १६३ चे महत्त्व समजण्यास थोडे दूर जावे लागते. सहाचे मूळ अवयव दोन आणि तीन, दुसरे कोणतेही नाहीत, हे आपण शाळेत गृहीत धरतो. परंतु गणितज्ञांनी ऋण संख्यांची वर्गमुळे घेऊन नव्या संख्यांची राज्ये वसविली, तेव्हा हा कायदा सर्वत्र चालेना. ऋण पाचाचे वर्गमूळ ज्या राज्यात आहे तेथे सहाचे अवयव दोन निराळ्या रीतींनी पडतात. एक रीत आपली, आणि दुसरीत, एकात ते वर्गमूळ मिळवून आलेली संख्या आणि एकातून ते वजा करून आलेली संख्या यांचा गुणाकार. दोन्ही रीती तितक्याच खऱ्या. एकाच माणसाच्या दोन वंशावळी निघाव्यात तसा हा घोटाळा. कोणत्या राज्यांत वंशावळ एकच राहते, या प्रश्नाची पाळेमुळे गाउस या जर्मन गणितज्ञाच्या १८०१ सालच्या ग्रंथात आहेत. तो प्रश्न त्याने आपल्या परिभाषेत, वर्गात्मक सूत्रांच्या वर्गवारीच्या रूपाने मांडला होता. आजच्या परिभाषेत अशा शिस्तीच्या राज्यांचे आकडे नऊच : १, २, ३, ७, ११, १९, ४३, ६७ आणि १६३. यादी येथे संपते, असे दिसत होते; सिद्ध करता येत नव्हते.

ऑयलरच्या सूत्राचा आणि या यादीचा संबंध राबिनोविच नावाच्या ओडेसाच्या तरुणाने १९१२ साली केंब्रिज येथील गणित परिषदेत मांडला आणि पुढील वर्षी छापला. ४१ च्या जागी दुसरी कोणती संख्या ठेवली असता सूत्र आपल्या परीने शेवटपर्यंत टिकते? उत्तर असे की, त्या संख्येची चौपट करून एक वजा केल्यावर जो आकडा येईल तो या यादीत असला तरच. २, ३, ५, ११, १७ आणि ४१ या सहाच जागा त्यातून निघतात. सतरा घालून पाहा. पंधराच्या घरापर्यंत सर्व उत्तरे मूळ येतात आणि सोळाच्या घरी सूत्र फसते. तेव्हा ४१ हून मोठी अशी संख्या आहे काय, हा प्रश्न आणि गाउसच्या यादीत दहावा आकडा आहे काय, हा प्रश्न एकच झाला.

दहाव्याचा शोध मोठ्या हट्टाने चालला. अमेरिकेतील लेमर याने १९३३ साली दाखविले की, दहावा असलाच तर तो पाच अब्जांहून मोठा असला पाहिजे. पुढच्याच वर्षी, नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडून इंग्लंडात आलेला हाइलब्रॉन आणि त्याचा सहकारी लिनफूट यांनी सिद्ध केले की, दहावा असला तर एकच असेल; अकरावा नाही. कल्पना करा, श्रोतेहो. घरात चोर असला तर एकच आहे, एवढे पक्के कळले. पण आहे की नाही हे कळत नाही! या अवस्थेत गणितशास्त्राने अठरा वर्षे काढली.

१९५२ साली एका जर्मन गणितविषयक नियतकालिकात कुर्ट हेग्नर या बर्लिनच्या गृहस्थाचा निबंध आला. दहावा नाही, असे त्यात सिद्ध केलेले होते. हेग्नर त्या वेळी अठ्ठावन्न वर्षांचा होता. कोणत्याही विद्यापीठात त्यास अध्यापकाचे पद नव्हते. त्याचा दुसरा विषय बिनतारी तंत्रविद्या. ज्या विद्येमुळे या क्षणी माझा आवाज आपल्यापर्यंत पोहोचतो आहे तीच. निबंध वाचण्यास अवघड होता, आणि तो एका जुन्या ग्रंथातील सिद्ध न झालेल्या विधानावर उभा आहे असा जाणत्यांचा समज झाला. बस्स. कोणी त्याचे खंडन केले नाही. खंडन करण्याइतकेही त्याकडे लक्ष दिले नाही. १९६५ साली हेग्नर वारला तेव्हा त्याची सिद्धता सदोष म्हणून बाजूस पडलेली होती.

पुढच्याच वर्षी केंब्रिजच्या बेकरने एक अगदी निराळी वाट काढली, आणि १९६७ मध्ये अमेरिकेच्या स्टार्कने पूर्ण सिद्धता दिली. यादी नवाचीच ठरली. मग लोक मागे वळून हेग्नरचा निबंध उघडू लागले. जर्मनीत डॉयरिंग आणि सीगेल यांनी १९६८ साली याच सिद्धतांवर लिहिले. स्टार्कने १९६९ मध्ये हेग्नरच्या सिद्धतेतील तथाकथित उणीव तपासली, तेव्हा ती किरकोळ आणि सहज भरून निघणारी आढळली. सिद्धता मूलतः बरोबर होती. आज हेग्नरचे नाव त्या नऊ आकड्यांस देतात, आणि उच्च गणितात 'हेग्नर बिंदू' या नावाखाली त्याच निबंधातील कल्पना रोज वापरल्या जातात. हे ऐकावयास तो नव्हता.

यातील सीगेल मुंबईस येऊन गेला होता, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्याने अंकशास्त्राच्या याच अंगावर व्याख्याने दिली, आणि ती १९६१ साली त्या संस्थेने छापून प्रसिद्ध केली. परळच्या नाक्यावरून तेव्हा ट्राम धावत असे. गिरण्यांचे भोंगे आणि हे गणित एकाच शहरात होते. मध्ये रस्ता मात्र नव्हता.

रस्ता नसतानाही चालणारे लोक आपल्याकडे झाले नाहीत असे नाही. डहाणूस जन्मलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीस शाळामास्तरकी केली आणि सर्व फावला वेळ आकड्यांत घालविला. चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करीत गेल्यास, चारही अंक सारखे नसतील तर, अखेरीस ६१७४ येते, हा त्यांचा शोध आज जगभर 'कापरेकर स्थिरांक' म्हणून प्रसिद्ध आहे. आपल्याकडील कित्येक विद्वान मात्र या कामास पोरखेळ म्हणत. अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा कोठे त्यांचे नाव जगापुढे गेले. कापरेकर त्या वेळी सत्तर वर्षांचे होते. योगायोग असा की, त्याच वर्षीच्या एप्रिल महिन्याच्या सदरात गार्डनर यांनी आपल्या १६३ विषयी वाचकांस चकविले होते. १६३ च्या वर्गमुळास वर्तुळाच्या 'पाय'ने गुणून, त्या गुणाकाराइतका घात नैसर्गिक लघुगणकाच्या आधारसंख्येस दिला तर एक अठरा अंकी पूर्णांक येतो, असे त्यांनी छापले. तो पूर्णांक येत नाही. दशांशचिन्हापुढे बारा वेळा नऊ येतात आणि मग २५. परंतु पूर्णांकाच्या इतक्या जवळ ती संख्या जाते ते गंमत म्हणून नव्हे. ज्या कारणाने एक्केचाळिसाच्या खालचा अवयव येत नाही त्याच कारणाने.

हे सर्व मला कळले तोवर तो मुलगा माझ्या हाती राहिला नव्हता. १९८७ च्या दिवाळीनंतर तो शाळेत आला नाही. शेजारच्या मुलाने नेहमीचेच उत्तर दिले. खाणावळीची जागा दुसऱ्या कोणी घेतली होती. साताऱ्याकडच्या कोणत्या गावी ते गेले हे चाळीत कोणास नीट सांगता येईना, आणि मीही तेव्हा फार विचारले नाही. आज तो पन्नाशी ओलांडून गेला असेल. तो कोठे असेल तेथे आकाशवाणी लागत असेल, एवढ्या आशेने हे भाषण मी स्वीकारले.

त्याची चार पाने माझ्याजवळ आहेत. सेवानिवृत्तीच्या वेळी कपाट रिकामे करताना ती एका हजेरीपटात सापडली. वरच्या बाजूस त्याच्या आईच्या हातचे जुने हिशोब आहेत, कोणी किती खाडे केले त्याचे. खाली याचे आकडे. शेवटच्या पानाच्या समासात त्याने ज्या मूळ संख्या अवयव म्हणून एकदाही आल्या नाहीत त्यांचीही नोंद केली आहे : ५९, ६७, ७३, ७९, ८९. त्या मी तेव्हा पाहिल्याच नव्हत्या. त्याही या सूत्राच्या कोणत्याच उत्तराचे अवयव कधी होत नाहीत, हे सातासाठी केली तशीच बाक्यांची तपासणी करून कोणासही पाहता येईल. ५९ साठी एकोणसाठ घरे पाहावी लागतात, इतकेच. ती मी केली.

आणि जो आकडा त्याच्या चालीत बसत नव्हता, ज्याविषयी तो तक्रार करीत होता, त्या ८१ च्या घराभोवती लाल चौकट आहे. उत्तर ६६८३. पुढे त्याच्या अक्षरात अवयव लिहिले आहेत : ४१ गुणिले १६३. त्यातील १६३ खाली दोन रेघा ओढून त्याने शेजारी लिहिले आहे, "हा कोठून आला?"